घरातले तीन पाव

आमच्या पिढीच्या घरांत ‘पाव’ हा शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत कितीतरी वेळा कानांवर पडे, आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असे. आई वाण्याकडे पिटाळताना सांगे, “पावशेर रवा आण.” आजी देवासमोर हात जोडून म्हणे, “पावलास रे बाबा.” आणि जिन्यात सायकलवाल्याची हाक आली की आम्ही मुलं ओरडत सुटत असू, “पाववाला आला!” माप, देवाची कृपा आणि खायचा पदार्थ या तिन्हींना दोन अक्षरांचा एकच शब्द, आणि कुणाचा कधी घोटाळा होत नसे. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत जसे आजी-आजोबा, काका-काकू, आत्या आणि आम्ही भावंडं असे सगळे राहत होतो, तसे हे तीन अर्थही त्या घरात एकत्र नांदत होते.

आमची पिढी म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेली. आमची पहिली गणितं रुपये-आणे-पैंची, पुढची नव्या पैशांची. दोन्ही हिशेब आम्हाला करावे लागले, म्हणून पाव या शब्दाची सारी ये-जा आमच्या डोळ्यांदेखत झाली.

पहिला पाव मापाचा. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा सुरू होई. आधी पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आजोबा झोपाळ्यावर बसून ऐकत आणि चुकलं की झोपाळा थांबे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण औटकी तिला न अडखळता येई. भाजीवाली “दीड पाव भेंडी, शेराला सहा आणे” म्हणाली की हिच्या ओठांची जरा हालचाल होई आणि पैसे तयार. अपूर्णांक हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नसेल. चौथाईचे सारे खेळ मात्र तिच्या जिभेवर होते. शाळेत न गेलेल्या बायकांना हिशेब येत नसे असं कुणी म्हटलं की मला अजून राग येतो. त्यांचा हिशेब तोंडी होता, आणि तो आमच्यापेक्षा वेगवान होता.

हा पाव संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पाद म्हणतात ते याच हिशेबाने. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात पाद शब्द याच चौथाईच्या अर्थाने आला आहे, म्हणजे मोजणी किती जुनी ते पाहा. त्याच पादाचा हिंदीत पाँव झाला आणि मराठीत पाय. फारसीतला ‘पा’ही याच कुळातला, आणि त्याच्या अंगावर जामा चढला की झाला पायजमा. लॅटिनमध्ये या कुळाने पेडलचा ‘पेद’ दिला, ग्रीकने तिपाईला ट्रायपॉड म्हणवणारा ‘पोद’ दिला आणि इंग्रजीतला फूटही त्याच कुळातला. वाण्याच्या तागडीतला पाव आणि शिंप्याच्या टेपवरचा फूट असे एकाच घरातून निघालेले.

मराठीत या पावाचा पसारा आणखी मोठा. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पावासहित. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पाव उणा. म्हणून आपण पावणेदोन म्हणतो तेव्हा दोनातून पाव काढतो आणि सव्वादोन म्हणतो तेव्हा दोनात पाव घालतो. घड्याळाकडे पाहून “पावणेसात झाले, नळ जाईल” असं आई ओरडे तेव्हा त्या वाक्यात पुरुषसूक्तातला पाद बसलेला असे, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आज नातवंडं ‘सिक्स फॉर्टी-फाइव्ह’ म्हणतात. त्यांना पावणेसात सांगितलं की क्षणभर थांबावं लागतं. ही मला खरोखरची हानी वाटते, कारण पावणे आणि सव्वा या शब्दांत वेळेबरोबर वजाबाकी आणि बेरीजही शिकवलेली होती.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे. हा सव्वा कुणाच्याच खिशात मावेना. एका आण्याचे सहा पैसे द्यायचे की सात, यावरून बसमध्ये, टपालाच्या खिडकीवर, भाजीच्या टोपलीपाशी रोज कुरबूर होई. एक पावली मात्र निश्चिंत होती. चार आण्यांची पावली सरळ पंचवीस पैशांची झाली आणि नावासकट टिकली. वजनांचंही तेच झालं. १९५६च्या कायद्याने किलो-ग्रॅम यायचे ठरले आणि १९६२पर्यंत बाजारातून शेर हद्दपार झाला. शेराचं माप गावागणिक वेगळं असे. पक्का शेर ८० तोळ्यांचा, तर जुना मुंबईचा शेर त्याहून पुष्कळच लहान. शेर गेला, मण गेला, छटाक आणि नवटाक गेले, अदपाव विस्मरणात गेला. पाव मात्र शेराचा हात सोडून किलोपाशी जाऊन बसला आणि अडीचशे ग्रॅमचा झाला. चौथाई कुठल्याही मापाची करता येते, त्यामुळे राज्य बदललं तरी त्याला कुणी हात लावला नाही.

दुसरा पाव देवघरातला. देव पावतो, नवस पावतो, आणि वाण्याकडून पैसे पावल्याची मिळते ती पावती. या पावाचा पायाशी काही संबंध नाही. संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे मिळवणे, पोचणे. प्राकृतात त्याचं ‘पावइ’ झालं आणि मराठीत पावणे. जुन्या मराठीत माणूस मुक्कामाला पावे, मरण पावे, कीर्ती पावे. आता रोजच्या बोलण्यात फक्त देव पावतो आणि कुणी गेलं तर कागदोपत्री मृत्यू पावतो. मधलं सगळं ओसरलं.

आमच्या घरात हे दोन पाव सत्यनारायणाच्या दिवशी भेटत. आत्याला नोकरी लागली तेव्हाची पूजा मला चांगली आठवते. ती चाळीतली पहिली नोकरीवाली मुलगी. प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापाने: रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. भटजींची दक्षिणा सव्वा रुपया. नवस पावला म्हणून एकावर पाव जास्त द्यायचा, नुसता पुरा रुपया कोरडा वाटे. तो वरचा पाव म्हणजे पावली. आजीने ती आदल्या रात्रीच चिंचेने घासून ठेवली होती. सरकारने ३० जून २०११पासून पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी चलनातून बाद केली. त्यामुळे आज कुणाला सव्वा रुपया दक्षिणा द्यावीशी वाटली तरी नाण्यांत देता येत नाही.

आता तिसरा पाव. खरं तर याच्याबद्दल लिहिण्यासाठीच मी बसलो आहे, कारण पहिले दोन पाव घरातच जन्मले होते आणि या तिसऱ्याला आत यायला फार काळ लागला.

आमच्या लहानपणी पाव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर त्याची जागा. खायचा तर तिथेच, आणि मग हात धुऊन आत यायचं. आजीचे आक्षेप तीन होते. पाव ताडी घालून फुगवतात. तो पायांनी मळतात, म्हणून तर नाव पाव. आणि पाव खाल्ल्याने माणूस बाटतो. आत्या वाद घाले की आंबोळी आणि इडलीही आंबवलेलीच असते. आजी म्हणे, “ती मी आंबवते.” या उत्तरावर कुणाकडे काही बोलायला उरत नसे, आणि आज विचार केला तर तिच्या साऱ्या शंकेचं मूळ त्या उत्तरातच होतं. अन्न कुणाच्या हातचं आहे हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

ताडीची गोष्ट खरी होती. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला तेव्हा त्यांना गव्हाचा पाव रोजच्या जेवणाला हवा होता आणि चर्चमधल्या विधीलाही. मुलूख भाताचा, गहू बाहेरून येई, आणि त्यांच्याकडचं खमीर इथे नव्हतं. माडाची सूर मात्र मुबलक. ती पिठात घातली की पीठ फुगतं हे उमगलं आणि गोव्याचा पाव तयार झाला. सासष्टीतल्या माजोर्ड्याचे लोक जेझुइट पाद्र्यांकडून ही विद्या पहिल्यांदा शिकले असं गोव्यात सांगतात. पाव भाजणारा तो पोदेर, पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून. जुना पोदेर गुडघ्यापर्यंतचा कबाय घालून, डोक्यावर टोपली आणि हातात खुळखुळणारी बांबूची काठी घेऊन दारोदार फिरे. आज तो सायकलवर भोंगा वाजवत येतो. त्याच्या टोपलीत उंडो असतो, कोंड्याची पोळी असते, बांगडीसारखी कडक काकणां असतात. तिथे पोळी म्हणजे पावाचा एक प्रकार, आणि आमच्याकडे पोळी म्हणजे पावाची सोवळी सवत.

पायांची गोष्ट मात्र शब्दापुरती तरी खोटी. हिंदीतल्या पाँवशी आवाज जुळला आणि लोकांनी कथा रचली. दुसरी कथा चाळीतले एक मास्तर सांगत: लादीतला एक तुकडा म्हणजे चौथाई, म्हणून पाव. तीही रचलेलीच. आजोबांच्या कपाटात दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ होता. आत्याने एका रात्री तो काढून सगळ्यांसमोर वाचून दाखवला. हा पाव पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत ‘पांव’, शेवट नाकात. मूळ लॅटिन ‘पानिस’. त्याच पानिसचं स्पेनमध्ये पान झालं, इटलीत पाने, फ्रान्समध्ये नाकातला पँ. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पायाचा नाही ना?” नाही म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. पाव त्या रात्री आत आला नाही, पण तीन आक्षेपांतला एक गेला.

बाटण्याची गोष्ट सर्वांत जड. आजीचं माहेर वसईकडचं. वसई १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांच्या गोष्टी तिकडच्या घराघरांत सांगितल्या जात. पाद्री गावच्या विहिरीत पाव टाकत, नकळत ते पाणी प्यायलेला सगळा गाव बाटला असं ठरे, आणि गावकरी मग कुणाचेच राहत नसत. हे जसं सांगतात तसं प्रत्येक गावी घडलं का, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मला त्या गोष्टीतला दुसरा भाग छळतो. पाव टाकणारे परके होते, पण पाणी प्यालात म्हणून दार लावून घेणारे आपलेच भाऊबंद होते. पाण्याच्या एका घोटावरून माणसं तोडली गेली. त्यांचे वंशज आजही वसईत त्याच वाड्यांतून राहतात, त्यांच्या बोलीत जुनी मराठी रूपं आहेत, आणि त्यांच्या लग्नातली गाणी ऐकली तर डोळे मिटून कुणालाही आपल्या घरचं लग्न वाटेल. आजी हे जाणून होती. तिच्या माहेरच्या शेजारी अशीच एक ख्रिस्ती मैत्रीण होती, आणि वसईहून कुणी आलं की आजी पहिली चौकशी तिची करी. विहिरीची गोष्ट सांगताना तिचा आवाज पाद्र्यांवर चढे आणि मग एकदम खाली येई.

मुंबईत गोव्याचे लोक आले, बेकऱ्या आणि बटलरची कामं करू लागले, तेव्हा त्यांना चिडवायला इथे ‘माकापाव’ हा शब्द झाला. कोंकणीतला ‘म्हाका’, म्हणजे मला, आणि त्याला जोडलेला पाव. आमच्या शाळेच्या अंगणातही तो ऐकू येई. ज्याच्या हातचा पाव सगळं शहर खातं त्याला त्याच पावावरून हिणवणं हे वाईटच होतं, आणि तो शब्द गेला तर त्याची कुणालाही आठवण राहू नये.

हाच शब्द पोर्तुगीज गलबतांतून आणखी दूर गेला. लंकेत पाव म्हणजे ‘पान’, जाफन्याच्या तमिळमध्ये ‘पाण’. बंगाल्यांनी त्याला आपली रोटी जोडली आणि ‘पाउरुटी’ केली. १५४३मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले, शंभर वर्षांच्या आत त्यांना तिथून हाकललं गेलं, पण जपानी भाषेत पावाला आजही ‘पान’च म्हणतात. जपान्यांकडून तो कोरियात जाऊन ‘प्पांग’ झाला. मला यातली नाकाची हालचाल फार आवडते. कोंकणीने पोर्तुगीजांचा नाकातला सूर तसाच ठेवून ‘पांव’ म्हटलं, सिंहली आणि जपानीने त्याचा पक्का न केला, आणि आपण मराठी माणसांनी तो साफ सोडून दिला. तो सोडला म्हणूनच हा परका शब्द आपल्या जुन्या पावाशी हुबेहूब जुळला आणि तिळ्यांतला तिसरा होऊन बसला.

जपानची एक हकिकत आजीला सांगायला हवी होती. टोकियोच्या गिंझा भागातल्या किमुराया या दुकानाने १८७४मध्ये ‘आनपान’ काढला: आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरणासारखं गोड सारण, बाहेर पाव. आणि पीठ फुगवलं कशाने, तर साके या त्यांच्या तांदळाच्या दारूच्या खमिराने. गोव्यात माडाची सूर, जपानात तांदळाची साके. घरचं जे होतं त्यानेच दोन्हीकडच्या लोकांनी परक्या अन्नाला आपलंसं केलं.

पानिस आणखी एका वाटेने आपल्या घरात शिरला होता आणि त्याला आजीने कधी अडवलं नाही. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सोबत. ज्याच्यासोबत पाव वाटून खायचा तो सोबती, आणि अशा सोबत्यांचा जथा म्हणजे कंपनी. शनिवारवाड्यावर निशाण चढवणाऱ्या कंपनी सरकारच्या नावातही हा पाव होता. आणि माझे काका रोज डबा घेऊन ज्या कंपनीत जात तिच्याही. काका महिन्याच्या एक तारखेला आणत तो पगारही पोर्तुगीज. तो कपाटात ठेवून फिरवलेली चावी पोर्तुगीज, भाजीतला बटाटा पोर्तुगीज, आणि मे महिन्यात अढीत घातलेला हापूसही ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावाचा. यातल्या कुणालाही उंबऱ्यावर थांबवलं नव्हतं. थांबवलं ते फक्त पावाला, कारण त्याच्या मागे विहिरीची गोष्ट होती.

उंबरा ओलांडला तो आजाऱ्याचा हात धरून. ताप उतरला की डॉक्टर दूध-पाव सांगत. मला विषमज्वर झाला होता तेव्हा आजीने स्वतः बशीत दूध घेऊन त्यात पाव कुस्करला आणि चमच्याने भरवला. औषधाला सोवळं नसतं असा तिचा कौल. मग इराण्याच्या हॉटेलातला ब्रुन-मस्का काकांबरोबर घरी येऊ लागला, कागदात गुंडाळून. मे महिन्यात रवा, मैदा, साखर, तूप घेऊन आई आणि काकू बेकरीत जात आणि भट्टीत भाजलेल्या नानकटाईचे डबे भरून आणत. त्या भट्टीशेजारीच पावाच्या लाद्या निघत होत्या. साठीच्या दशकात धान्याची टंचाई आली, रेशनवर रांगा लागल्या. १९६५मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि मेणकागदातला कापलेला ब्रेड दुकानात दिसू लागला. पण घर बदललं ते आत्यामुळे. तिला ८:१२ची गाडी पकडायची असे. आईनेही पुढे नोकरी धरली. पहाटे उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटणं त्या दोघींना अशक्य होतं, आणि एका सकाळी आजीनेच पाववाल्याला दारात थांबवून सांगितलं, “अर्धी लादी दे.” घेतली, आत नेली आणि पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवली. कुणी काही बोललं नाही. सुनेच्या आणि लेकीच्या पायांना जरा विसावा मिळावा म्हणून तिने आयुष्यभराचा नियम मोडला होता. तिच्या हातून झालेल्या मोठ्या गोष्टींत मी ही पहिली धरतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मिसळीबरोबर पाव, वड्याबरोबर पाव, गिरणगावात रात्रपाळीनंतर भाजीबरोबर पाव. परका म्हणून उंबऱ्यावर थांबवलेला पदार्थ आज मराठी माणसाची ओळख म्हणून जगभर सांगितला जातो.

आजी गेली, आजोबा, काका-काकू, आई गेली. आत्या आहे. नव्वदीला आली, आणि औटकी अजून येते, त्याच चालीत, आजोबांचा झोपाळा थांबू नये अशा बेताने म्हटलेली. गेल्या दिवाळीत तिला बसवून मी ती फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतली. पावकी ते औटकी, सगळी. पुस्तकांत आकडे मिळतात, चाल मिळत नाही, आणि त्या पाढ्यांचं अर्धं गणित चालीत आहे. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत किंवा परदेशी राहणाऱ्या आजीपाशी कुणाला हे पाढे येत असतील तर या रविवारीच त्यांना म्हणायला लावा आणि जपून ठेवा. सोबत त्यांच्या घरी पाव आत कधी आला, कुणी आणला, हेही विचारा. हे सांगू शकतील अशी माणसं आता थोडी उरली आहेत.